मोत्याला मी बांधलं होतं

काल शेजारच्या लग्नात फटाक्यांची माळ वाजली आणि त्या धुराच्या वासानं एक जुनं लक्ष्मीपूजन आठवलं. पूजेसाठी आमचे यंत्रमाग बंद होते. एरवी त्यांच्या खडखडाटात झोपणारा आमचा कुत्रा मोत्या फटाक्यांनी थरथरत होता.

"अहो, आत घेते की त्याला," बायको म्हणाली.

"मागाखाली घोरतंय आणि फटाक्याला भितंय व्हय? आज मोडतोच त्याची भीती."

मी त्याला खांबाला बांधून समोरच माळ पेटवली. साखळी तोडून तो रस्त्यावर धावला आणि ट्रकखाली गेला.

मुलं बाहेरून आली तेव्हा मी म्हणालो, "तुमच्या आईनंच दार उघडं ठेवून सोडला." ती आत जाऊन पूजेचं ताट आवरू लागली. पुढं दर दिवाळीला मुलं तिला टोमणा मारायची, "आई, दार लावलंस का?" मीही हसायचो.

खरं आज लिहितोय. मुलांना तिची माफी मागावीशी वाटली, तरी आता ती नाही.