चिंचेनं घासलेला ट्रे

चिखलीतल्या वर्कशॉपमध्ये मला चिकटवलं ते माझ्या मोठ्या जावेनं. ती तिथं तपासणीच्या टेबलावर होती आणि तिला लाइन लीडर करायचं चाललं होतं. लीडर म्हणजे कायमची नोकरी, दिवसभर मान मोडायची नाही. तिनं त्याची किती वाट पाहिली होती, ते एका घरात राहून मला ठाऊक होतं. तरी सुपरवायझरकडं तिनं माझ्यासाठी शब्द टाकला, "माझी जाऊ आहे सर, कामाला चोख आहे."

काम होतं रायफलच्या गोळ्यांच्या नव्या, रिकाम्या पितळी कवचांचं. आम्ही त्यांना केस म्हणतो. दारू भरणारी कंपनी चाकणला. तिकडं जाण्याआधी एकेक केस उजेडात फिरवून बघायची. तोंड चेपलंय का, अंगावर चीर आहे का, बुडाचं बारीक भोक आरपार आहे का. जावेला मी ताई म्हणते. ताई सांगायला लागली की सांगतच राहायची, आणि मला भारी कंटाळा यायचा. आता पितळ काय मला नवीन आहे? घरातली समई, घंटी मीच तर लख्ख ठेवते. ती बोलायची, मी नुसतं हूं हूं करायचे.

एके दिवशी चाकणचे साहेब माल बघायला येणार होते. सुपरवायझर सकाळीच ताईला म्हणाला होता, "आजची व्हिजिट नीट गेली की तुमचं नाव पुढं देतो." जेवणाच्या सुट्टीत सगळ्या डबे घेऊन बाहेर गेल्या आणि माझं लक्ष माझ्या ट्रेकडं गेलं. प्रत्येक केसच्या मानेशी काळपट निळसर झाक. म्हटलं, पाहुणे दारात आणि भांडी अशी? कंपनीच्या कुंपणाला चिंचेचं झाड आहे. खाली पडलेल्या चिंचा गोळा केल्या, पाण्यात कालवल्या, आणि डबा न खाता अख्खा ट्रे घासून, धुऊन, एप्रनला पुसून ठेवला. इतकी खूश होते मी स्वतःवर.

साहेब टेबलापाशी आले तेव्हा मी कुणी विचारायच्या आधी ट्रे पुढं सरकवला. "बघा सर, कशा चकाचक केल्यात. आमच्या ताईंच्या हाताखाली असंच काम होतं."

साहेबांनी एक केस उचलली, वास घेतला. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "मान फुटू नये म्हणून तिला आच देऊन मऊ करतात. ती झाक म्हणजे आच दिल्याची खूण. आता दिली की नाही, कसं ओळखायचं? वर आंबट लावलंय, त्यानं पितळ खाल्लं जातं. सगळा ट्रे भंगारात टाका." मग ताईकडं वळले. "तुम्ही हिला सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं का? मला आठवेना. ऐकलं असेल तर आठवणार ना.

"माझ्याकडून राहिलं असेल सर," ताई म्हणाली.

"नाही सर, मीच लक्ष दिलं नसेल," मी म्हटलं, पण साहेब पुढच्या टेबलाकडं गेले होते. एरवी घरात मी कुणाला बोलू देत नाही. त्या दिवशी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

लीडर झाली आमच्याच टेबलावरची दुसरी बाई. ताईनं तिचा पेढा खाल्ला, टाळ्या वाजवल्या. घरी भाऊजींना एवढंच म्हणाली, "यंदा नाही जमलं." माझं नाव नाही, चिंचेचं नाव नाही. मी तिथंच पोळ्या लाटत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार शब्द सुनावले असते तर मी भांडले तरी असते.

नव्या लीडरनं ताईला हुकूम सोडला, हिला पहिल्यापासून शिकवा. ताईनं मला शेजारी बसवलं आणि एक केस माझ्या तळहातावर ठेवली.

"काय दिसतंय सांग."

मला काहीच दिसेना.

"आधी डोळे पूस. पाणी पडलं की पितळेवर डाग राहतो," ती म्हणाली. मग लीडरकडं एकदा बघून, तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "आता मानेकडं बघ. ही झाक मी तुला पहिल्याच दिवशी दाखवली होती."