ट्राममधली घोंगडी

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. परवा सांगलीच्या बाजारात, डॉक्टरकी शिकायला परदेशी निघालेल्या नातीसाठी घोंगडी घेताना लोकरीचा वास आला आणि मॉस्कोतली ट्राम आठवली.

पाटणचा महादेव आणि मी तिथे एकाच खोलीत राहून डॉक्टरकी शिकत होतो. त्याच्याकडे ओव्हरकोट नव्हता. बर्फात तो वडिलांची घोंगडी पांघरून कॉलेजला यायचा. त्या सकाळी ट्राममध्ये मी वर्गातल्या मुलींबरोबर उभा होतो. मागून त्याने हाक मारली, “आरं गड्या, हिकडं ये, जागा धरलीय.” मुली हसल्या. एकीने विचारलं, “तुझ्या ओळखीचा आहे?” मी नकारार्थी मान हलवली. ते त्याने पाहिलं. पुढच्याच थांब्यावर तो उतरला. त्यानंतर हिवाळाभर तो चालतच गेला. मी विचारलं, तर म्हणाला, “चाललं की ऊब येती रं.”

गेल्या वर्षी माफी मागायला म्हणून साताऱ्याहून पाटणला त्याच्या घरी गेलो. त्याने ओटीवर तीच घोंगडी अंथरली, एका कडेला सरकला आणि म्हणाला, “बस की गड्या, जागा धरलीय.”

मी बसलो आणि त्याच्या गुडघ्यांची चौकशी करत राहिलो. महिन्याभराने तो गेला. “महादेवा, मी चुकलो,” एवढंच म्हणायचं होतं.