कुसुमताई आणि स्फोटाच्या काठावरचे रेणू

डॉ. कुसुमताईंना मी प्रथम पाहिले ते उज्जैनच्या कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या तासाला. मध्यभारत राज्य जाऊन नवा मध्यप्रदेश झाला होता. कचेऱ्या भोपाळला चालल्या होत्या. देवासगेटच्या थांब्यावर रोज कुणाचे ना कुणाचे सामान बसवर चढत होते. ताईंच्या वडिलांचीही बदली झाली. बिऱ्हाड गेले, ताई मात्र नोकरीसाठी माधवनगरात खोली घेऊन राहिल्या.

"अकेली रहोगी, बिटिया?" घरमालकिणीने विचारले.

"अकेली कहाँ? आप हैं ना," म्हणत त्यांनी किल्ली घेतली. हे मला त्या मालकिणीनेच पुढे कौतुकाने सांगितले.

वर्गात आम्ही दोघीच मुली. फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांतून रेडिओलहरी येतात, असे ताईंनी एकदा सांगितले. मी उठून विचारले, "बहनजी, तिथं रेणू टिकत असतील का?"

"छे! एवढ्या उष्णतेत सगळे तुटतील."

मागची बाके हसली. वर्षभर मी पुन्हा तोंड उघडले नाही.

पुढे ताई संशोधनासाठी बाहेर पडल्या, मी इथेच शाळेत शिकवू लागले. बऱ्याच वर्षांनी त्या व्याख्यानाला उज्जैनला आल्या. तारा फुटला की स्फोटाचा धक्का शेजारच्या थंड वायूच्या ढगावर आदळतो. त्या दाबल्या गेलेल्या काठावर रेणू सापडतात, आणि त्यांच्या ठरावीक रेडिओलहरी आम्ही टिपल्या, असे त्यांनी सांगितले. मग खडू खाली ठेवला.

"हे याच गावात एका मुलीनं मला विचारलं होतं. मला ठाऊक नव्हतं. नवी नोकरी, वर्गाची धास्ती. म्हणून ठासून 'छे' म्हटलं, आणि हसं तिचं झालं. चूक माझी होती. सुधा, आली आहेस ना? ऊठ, आता विचार."

मी उभी राहिले. "बहनजी, ते रेणू धक्क्यातून वाचलेले असतात, की नंतर नव्यानं जुळलेले?"

"दोन्ही होत असावं. कुठं किती, ते मला अजून माहीत नाही," ताई म्हणाल्या, आणि इतक्या मोकळ्या हसल्या की सगळे सभागृह हसले. मीही.

दुसऱ्या दिवशीचा परतीचा प्रवास रद्द करून त्या माझ्या शाळेत आल्या आणि संध्याकाळपर्यंत मुलींच्या शंका ऐकत बसल्या. तेव्हापासून दर हिवाळ्यात येतात.

ताई आता साठीच्या झाल्या आहेत. त्यांचे गुडघे जिना चढत राहोत, दृष्टी निर्मळ राहो, आणि असे पुष्कळ हिवाळे त्यांना लाभोत. यंदा सातवीच्या मुलींनी शंका लिहून वहीची चार पाने भरून ठेवली आहेत.