चार जुलैपर्यंत कुऱ्हाड नाही

मिस अर्डिस फच हिला आमच्या मलेट बेटावर कुणी माळीण म्हटलं की ती फाडकन सुनवायची, "माळीण फुलांची असते रे. मी माडांची सुईण आहे."

आणि होतीच ती तशी. उंच, हडकुळी, डोक्यावर मेलेल्या नवऱ्याची मासेमारीची टोपी, कमरेला कोयता. सदुसष्टाव्या वर्षी शिडीवर अशी चढायची की खाली उभ्या माणसाने डोळे मिटून घ्यावेत. आमच्याकडच्या रिवाजाने, बाई लग्नाची असो नसो, आम्ही सगळे तिला आदराने 'मिस अर्डिस' म्हणायचो आणि तिच्यासमोर जपून बोलायचो. मी तिचा शेजारी, बर्ट गथ्री. पंधरा वर्षांनी लहान, म्हणून माझा उद्धार ती रोज करायची.

फ्लोरिडाच्या आमच्या या किनाऱ्यावर खरी थंडी दहा-वीस वर्षांनी एकदा येते. चार दिवस राहते आणि घर धुऊन नेते. आमचा रानातला पाल्मेटो माड तिला भीक घालत नाही. पण लोकांना हौस दक्षिणेकडच्या नाना जातींच्या माडांची, आणि त्यांत नारळ सगळ्यात नाजूक. पारा गोठणबिंदूच्या खाली गेला की आठवड्याभरात झावळ्या तपकिरी होऊन लोंबायला लागतात. मग लोकांचा धीर सुटतो आणि करवतवाले ट्रक घेऊन दारात हजर. "मेलाय हो तुमचा माड, काढून टाकू."

बाईचा नियम एकच होता. थंडीनंतर चार जुलैपर्यंत कुऱ्हाड नाही. स्वातंत्र्यदिनाचे फटाके उडेपर्यंत नवी झावळ आली नाही, तर खुशाल तोडा. त्याआधी वाळकी झावळसुद्धा काढायची नाही, कारण तीच गाभ्याचं पांघरूण.

"माड हळू मरतो," ती म्हणायची, "आणि त्याहून हळू जगतो. तुम्हाला घाई झालीय, त्याला नाही."

बेटावरचे निम्मे माड या एका वाक्यावर उभे होते, यात मला तिळमात्र शंका नाही.

तिचा स्वतःचा नारळ तिच्या अंगणात होता, मासळीच्या धक्क्याकडे झुकलेला. इतक्या उत्तरेला नारळ टिकत नाही असं शिकलेसवरलेले लोक सांगायचे, म्हणून तिने मुद्दाम लावला आणि सव्वीस वर्षं टिकवला. कुणी तिच्या नियमावर नाक मुरडलं की ती फक्त त्याच्याकडे बोट दाखवायची. तो माड म्हणजे बाईचा शब्द होता.

आता माझा पराक्रम सांगतो. २०१० सालच्या जानेवारीत थंडी आली ती बारा दिवस हललीच नाही. नेमकी त्याच वेळी मिस अर्डिस बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी टँपाला गेली. जाण्याआधी तिने शेंड्याला गोणपाट गुंडाळलं आणि मला बजावलं, "बर्ट, कोंबड्यांना दाणा घाल. माडाला हात लावू नकोस."

मी बावीस वर्षं स्ट्रॉबेरीच्या शेतावर मुकादम. आमच्याकडे थंडी पडली की रात्रभर पिकावर पाणी उडवतात. पाणी गोठताना ऊब सोडतं, आणि बर्फाच्या आत फळ सुखरूप राहतं. हे आमच्याकडच्या पोराटोरांनाही ठाऊक. दुसऱ्या दिवशी रेडिओवर ऐकलं, आज पारा फार खाली जाणार. वाटलं, गोणपाटाने काय होतंय? दिवस मावळायच्या आत शिडी लावली, नळी शेंड्याला बांधली, तोटी सोडली आणि घरी जाऊन ग्रिट्स, म्हणजे मक्याची लापशी, नि भाजलेला मलेट मासा खाऊन झोपलो. बाई परत आली की पाठ थोपटेल, असंही मनात होतं!

सकाळी बघतो तर गोणपाट खाली पडलेलं, चार झावळ्या बर्फाच्या ओझ्याने मोडलेल्या, आणि शेंड्यात पाणी साचून त्याचा बर्फाचा गच्च गोळा झालेला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! दुपारपर्यंत बर्फ वितळला. मी नळी काढली, गोणपाट पुन्हा गुंडाळलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

बाई आली. मोडलेल्या झावळ्यांकडे बघून म्हणाली, "वारा फार होता वाटतं."

"भयंकर," मी म्हणालो. कसला वारा न कसलं काय.

फेब्रुवारी उजाडला. बेट सगळं तपकिरी झालं होतं. नगरपालिकेचा वेंडेल स्टोक्स दारोदार फिरून सांगत होता, "वाटेवर झुकलेला मेलेला माड एक जूनच्या आत काढा. एक जूनला वादळाचे दिवस सुरू होतात, कुणाच्या डोक्यात पडला तर?" माणूस भला, पण कागदाचा गुलाम. लोक मिस अर्डिसच्या तोंडाकडे बघत होते. ती कोयत्याच्या मुठीने प्रत्येक खोड ठोकून सांगत होती, "चार जुलै. हलायचं नाही."

फेब्रुवारीच्या शेवटी ती स्वतःच्या माडावर चढली. शिडी मी धरली होती. माडाच्या मधोमध न उघडलेल्या झावळीची सुरळी असते. ती धरून हलकेच ओढायची. घट्ट असली तर माड ठीक. बाईने ओढली आणि अख्खी सुरळी तिच्या हातात आली. बुडाशी कुजलेली, काळीबेंद्री. वास खालपर्यंत आला.

बाईने सुरळी काखेत मारली. मग उतरली, सुरळी गवतावर ठेवली आणि पायरीवर बसून टोपी काढली. तिला उघड्या डोक्याने मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"वेंडेलला सांग," ती म्हणाली, "सोमवारी करवत घेऊन ये."

"अहो, पण चार जुलै?"

"कसला चार जुलै! मी स्वतः गोणपाट बांधलं होतं. तरी थंडी इतकी आत शिरली, म्हणजे खालचा कोंबही गेला. माझा गेला तर या लोकांचे काय राहिलेत? मी उगाच सगळ्यांना आशेला लावलंय, बर्ट. म्हातारी झाले मी."

ती बातमी संध्याकाळपर्यंत धक्क्यावर पोचली. रविवारी चर्चबाहेर निम्मी मंडळी करवतवाल्याचा फोन नंबर विचारत होती. मिस अर्डिसच तोडतेय म्हटल्यावर बाकीच्यांनी कशाला थांबायचं?

मला अन्न जाईना. एका माझ्या शहाणपणापायी अख्खं बेट बोडकं होणार होतं. आणि खरं सांगू का, त्याहून जास्त मला तिची ती टोपी काढलेली मूर्ती खात होती. दुपारी मी तिच्या पायरीशी जाऊन उभा राहिलो.

"मिस अर्डिस, थंडीने नाही गेला तो. मी पाणी सोडलं होतं."

"काय सोडलं होतंस?"

"पाणी. शेंड्यात. रात्रभर. स्ट्रॉबेरीला सोडतो तसं."

ती हळूहळू उठली. मला वाटलं, आता कोयता बसतोय.

"मुडद्या! ती स्ट्रॉबेरी आहे का? जमिनीवर लोळते का ती? शेंड्यात पाणी साचलं की कुजतं, एवढी अक्कल... आणि वारा म्हणे! भयंकर वारा!" पंधरा मिनिटं ती बोलत होती आणि त्यातलं अर्धंही इथे लिहिता येणार नाही. मी मान खाली घालून ऐकलं. ते माझं देणंच होतं.

मग ती मध्येच थांबली. "म्हणजे शेंड्यात बर्फाचा गोळा होता?"

"गच्च."

"म्हणजे कूज वरून आली. थंडी खोडात शिरलीच नसेल." तिने टोपी डोक्यावर घातली. "बघत काय बसलास, शिडी आण!"

त्या दिवशी तिने शेंड्यातली सगळी घाण पळीने खरवडून काढली, आत तांब्याचं निळं औषध ओतलं, वर पत्रा आडवा बांधला, पाऊस आत जाऊ नये म्हणून. सोमवारी वेंडेल आला तो तसाच परत गेला. धक्क्यावर तिने मोठ्याने सांगितलं, "मी चुकले होते. नियम नव्हता चुकला. चार जुलै!" माझं नाव मात्र तिने घेतलं नाही. लोकांनी करवतवाल्याचे नंबर खिशात ठेवले.

एक जूनला वेंडेल नोटीस घेऊन आला, तेव्हा बाई त्या झावळ्या झडून बोडक्या झालेल्या खोडाखाली खुर्ची टाकून उकडलेले शेंगदाणे खात बसली होती.

"मिस अर्डिस, नियम आहे."

"माझाही आहे. माझा जुना आहे. तुझ्या आजीची लिंबं कुणी वाचवली रे, वेंडेल?"

वेंडेलने कान खाजवला. "पाच जुलैला येतो," म्हणाला, आणि मूठभर शेंगदाणे घेऊन गेला.

सव्वीस जूनला शेंड्यातून काहीतरी डोकावलं. वाकडं, चुरगळलेलं, अर्धं तपकिरी. झावळ म्हणायलाही लाज वाटेल असं. पण बुडाशी हिरवं! मी शिडीवरून ओरडलो. बाई खाली दोन्ही हातांत तोंड लपवून रडत होती. माझं लक्ष गेल्यावर म्हणाली, "उतर आता. पाणी-बिणी घालू नकोस."

त्या वर्षी बेटावरचे सगळे माड काही वाचले नाहीत. पण फटाक्यांपर्यंत थांबल्यामुळे जे वाचले ते मोजायला दोन्ही हात पुरले नसते.

माड आजारी वर्षी बारीक वाढतो, आणि ती बारीक जागा खोडात कायमची राहते. चांगल्या वर्षी वर पुन्हा जाड होतो. बाईच्या माडाला तशी एक कंबर आहे. तिने मरेपर्यंत माझं गुपित कुणाला सांगितलं नाही. फक्त कुणी विचारलं की खोडाला असं का झालंय, तर माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "भयंकर वारा होता त्या वर्षी."

तिला जाऊन सहा वर्षं झाली. ती कंबर आता शेंड्याच्या पार खाली राहिलीय. धक्क्यावर नव्याने आलेले लोक विचारतात, हे काय? मी सांगतो, "ते मी आहे." आणि मग सगळं सांगतो, नळीपासून. थंडी पडली की लोक आता फोन मलाच करतात. मी शिडी घेऊन जातो, सुरळी ओढून बघतो आणि तिच्याच आवाजात सांगतो, चार जुलै, हलायचं नाही.