भाविकाने बंद न केलेले नियम

उरणच्या मिठागरवाल्या घरतांची भाविका न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात सर्व्हर सांभाळते. तिथे तिने कडक नियम बसवलेत: नेटवर्क जुळवणाऱ्या प्रोग्रामने ठरलेल्याच फायलींना हात लावायचा, मग चालवणारा खुद्द मुख्य अ‍ॅडमिन का असेना.

एका अपडेटनंतर तो प्रोग्राम या नियमांत अडला, गेटचं नेटवर्क बंद पडलं आणि गेटवर ट्रेलरांची रांग लागली.

"नियमच बंद कर!" तिचे साहेब ओरडले.

"नको सर, सगळंच सताड उघडं पडेल. पंधरा मिनिटं द्या."

सर्व्हरच्या नोंदी वाचल्यावर तिला कळलं, प्रोग्रामला एकच नवी फाईल हवी होती. तेवढीच परवानगी तिने लिहिली. बाराव्या मिनिटाला गेट सुरू झालं.

रांगेत तिचे बाबा रामचंद्रही ट्रेलर घेऊन उभे होते. गेटवाल्याने अडचण कोणी सोडवली ते सांगताच ते खिडकीतून मागच्यांना ओरडले, "माझी पोर हाय ती!"