आखाजीच्या डावातली पेटी

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, १९९८. रक्कम साडेनऊ हजार रुपये, रोख. ठिकाण पिंपळनेर, माझी सासुरवाडी. हजर: सासरे, म्हणजे आबा, माझे थोरले साडू, ज्यांचं धुळ्यात कॉम्प्युटरचं दुकान, आणि मी.

जळगावात मेहरूणच्या घरी मी व्यापाऱ्यांचे हिशेब लिहायचो. दोन कॉम्प्युटर वायरने जोडलेले. त्यातला एक सर्व्हर. सगळे हिशेब त्याच्यावर. त्याची डिस्क भरत आली होती आणि डिस्क गेली तर माझी पत जाणार होती. मार्ग दोन. सर्व्हरच्या पाठीला केबलने लावायची बाहेरची डिस्क-पेटी, साडेनऊ हजार. किंवा मोठ्या डिस्कचं एक जुनं मशीन दुसऱ्या खोलीत ठेवून तेही वायरवर घ्यायचं, चौदा हजार. माझा कल मशीनकडे होता.

साडू पत्ते पिसत हसले. आखाजीला आमच्याकडे पैसे लावून पत्ते खेळतातच.

"साडूभाऊ, दोन खोल्यांच्या घरात तीन मशीन? राहणार कुठे तुम्ही? पेटी घ्या. माझा शब्द."

शब्द आबांसमोर दिलेला. मी साडूंना पैसे मोजले.

मे महिन्यात पेटी हात लावू देईना, इतकी तापायची. आत पंखाच नव्हता. फोन केला तर साडू म्हणाले, "जळगावचं ऊन मी कमी करू का? कूलर लावा समोर."

लावला. वाळ्याच्या कूलरची ओली हवा. महिना संपायच्या आत पेटी बंद. उघडली तर आत हिरवा गंज. जागा करायला तिच्यात हलवलेले तीन अडत्यांचे हिशेब गेले. बायकोने आणि मी ते पावत्यांवरून पुन्हा भरले. तरी एक अडत्या तुटला तो तुटलाच.

साडूंनी पैसे परत दिले नाहीत. वर मेहुण्याच्या लग्नात भर पंगतीत म्हणाले, "यांनी पेटीला पाणी पाजलं! आता चारा टाकतील." पंगत हसली. बायको वाढत होती, तिचा हात थांबला. मी पानातली जिलेबी संपवली आणि ठरवलं, पुढची आखाजी.

वर्षभर विषय काढला नाही. पेटी पुसून तिच्याच खोक्यात ठेवली.

आखाजीला तीच ओसरी, तीच सतरंजी. साडूंनी वीस रुपये लावले. मी पिशवीतून पेटी काढून मधोमध ठेवली.

"माझे साडेनऊ हजार."

"हे काय, साडूभाऊ?"

"तुमचाच भाव, तुमचाच शब्द. खरा असेल तर तेवढे लावा."

"चेष्टा करता का? भंगार आहे ते. बिनपंख्याचा माल, जळगावात टिकणार होता का?"

आबांनी हातातले पत्ते पालथे घातले.

"तुमले ठाऊक व्हतं? मंग जवाईले पेटी इकी काबर?"

या वेळी कुणी हसलं नाही. मला मात्र फार बरं वाटलं. अजूनही वाटतं.

साडूंनी खिशात हात घातला. "घ्या, पैसे घ्या."

"मला नकोत. तुमच्या दुकानासमोरच्या दुकानात तसलं मोठ्या डिस्कचं जुनं मशीन आहे, चौदा हजारांचं. तिथे भरा."

साडूंचा चेहरा उतरला. धंद्यातल्या वैऱ्याच्या त्या दुकानाच्या पायरीला त्यांनी कधी पाय लावला नव्हता.

"भरा," आबा म्हणाले.

दोन दिवसांनी धुळ्यात मी त्यांच्या बरोबरीने रस्ता ओलांडला. मुद्दाम सावकाश. साडूंनी साडेनऊ हजार स्वतःच्या हाताने समोरच्या दुकानदाराला मोजून दिले. वरचे साडेचार हजार मी त्यालाच दिले.