खात्रीपुरती एक गोळी

माझी धाकटी जाऊ नम्रता बायकांना स्कूटर चालवायला शिकवते. विश्रांतवाडीत, आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या मैदानावर, रोज सकाळी साडेसहा ते नऊ. साठीच्या बायकासुद्धा येतात, ज्यांना नवऱ्यांनी चाळीस वर्षं मागच्या सीटवर आडवं बसवून फिरवलं. नम्रता गाडीमागचा दांडा धरून त्यांच्याबरोबर पळते. वय सदतीस, अंगाने काडी, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडचा चहावाला दचकतो. मी भाग्यश्री, तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, बँकेत नोकरी करते. या सगळ्या प्रकरणात सुरुवातीला मी चुकीच्या बाजूला होते. ते आधीच कबूल करून टाकते, म्हणजे मागाहून कोणी मला शहाणपण शिकवायला नको.

तिला दोन वर्षं पाळीचा भयंकर त्रास होता. दहा-दहा दिवस रक्त जायचं, गुठळ्या पडायच्या. काळी पँट घालून, दोन-दोन पॅड लावून ती मैदानावर पळायची. आम्ही घरातल्या बायका काय म्हणत होतो? वय आहे, होतं असं. लोह कमी झालं असेल, बीट खा. डोंबलाचं बीट. गेल्या एप्रिलमध्ये ती गाडीमागे पळता पळता कोसळली. पुढच्या बाईला ब्रेक कुठे असतो ते आठवेना, त्यामुळे ती बिचारी तीन फेऱ्या एकटीच मारून आली, आणि मग नम्रताला उचललं. तपासलं तर अंगात रक्त सात पॉइंट एक.

जवळच्या एका नर्सिंग होममध्ये सोनोग्राफी झाली. गर्भाशयात चार गाठी, फायब्रॉइड म्हणतात त्या, सगळ्यात मोठी सहा सेंटीमीटरची. तिथल्या डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता विचारलं, मुलं किती. एक मुलगी आहे म्हटल्यावर नम्रताच्या नवऱ्याकडे, म्हणजे माझा दीर सुदर्शनकडे बघून म्हणाले, पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल. नम्रताने विचारलं की दुसरा उपाय नाही का. आहे, पण कशाला, असं उत्तर आलं.

त्या "पण कशाला"ने तिचं डोकं फिरलं. उठून उभी राहिली आणि म्हणाली, "डॉक्टर, पिशवी माझी आहे आणि तुम्ही बोलताय माझ्या नवऱ्याशी. हा काय घरमालक आहे?"

घरी आल्यावर सगळे तिच्यावर तुटून पडले. सुदर्शन म्हणाला, आता तुला आणखी मूल नकोय, मग ठेवून काय करायचंय? माझा नवरा आनंद म्हणाला, त्याच्या ऑफिसातल्या तिघांच्या बायकांनी काढली. मीही म्हणाले की काढून टाक, मोकळी हो. ती म्हणाली, मूल नको म्हणून पिशवी नको, हे कोणी ठरवलं? काढायचीच वेळ आली तर काढेन, पण आधी बाकीचं सगळं करून बघेन. एवढा हट्ट कशासाठी, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं.

तिने दुसऱ्या डॉक्टर शोधल्या. शेफाली मॅडम. त्यांनी पाऊण तास दिला, पुण्यात कोणी कोणाला देत नाही इतका. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, लिव्हरची रक्ततपासणी केली, दिवस गेलेले नाहीत याची खात्री केली. मग म्हणाल्या, एक गोळी आहे. या गाठी शरीरातल्या ज्या संप्रेरकावर पोसल्या जातात, त्याला ती दारातच अडवते. तीन महिने, रोज एक, ठरल्या वेळी. दर महिन्याला रक्त तपासायचं. डोळे पिवळे दिसले, पोटात उजवीकडे दुखलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी यायचं. या काळात दिवस जाऊ द्यायचे नाहीत. आणि स्वतःच्या मनाने दुसरी कसलीही हार्मोनची गोळी घ्यायची नाही. तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. गाठी आकसल्या आणि रक्त वाढलं तर ऑपरेशन टळेल, नाहीतर मग त्यावर नीट बोलू. जादू नाही, असंही बजावलं.

जुलैपासून गोळी सुरू झाली. ऑगस्ट निम्मा झाला तोवर रक्तस्राव थांबला होता, चेहऱ्याला रंग आला होता. आणि मग आमच्याकडच्या महालक्ष्म्या आल्या.

माझी सासरची मंडळी, निंभोरकर, मूळची अमरावतीची. पुण्यात गौरी म्हणतात तेच, पण यांच्याकडचा थाट वेगळा. दोन उभ्या महालक्ष्म्या, सोळा भाज्या, आंबील, पुरण, चाळीस पानं, आणि सोवळं असं की श्वास घेतानाही विचारावं लागतं. या तीन दिवसांत घरातल्या कोणाची पाळी येणं म्हणजे माझ्या सासूबाईंना, इंदुबाईंना, घराला आग लागल्यासारखं. त्यावर आमच्या घरात एक ठरलेली पद्धत होती. सणाच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायच्या. त्या आणायचं खातं माझ्याकडे. कोपऱ्यावरचा औषधवाला चिठ्ठी मागत नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. अकरा वर्षं मी त्या गोळ्या दोघींसाठी आणल्या, स्वतः घेतल्या, तिला दिल्या. डोकं दुखायचं, पाय सुजायचे, पुढची पाळी धोधो यायची. पण देवीचं निभावलं ना, मग झालं.

या वर्षीही मी आणल्या. नम्रताने हात मागे घेतला. म्हणाली, माझी पाळी तशीही थांबलीय आणि मॅडमनी बजावलंय. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "थांबली आहे तं चांगलंच आहे. तरी खात्रीसाठी एक घेऊन टाक ना वं. एका गोळीनं काय होते?"

खात्रीसाठी. आमच्या घरात कुकरची शिट्टीसुद्धा खात्रीसाठी एक जास्त घेतात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नम्रताने मात्र सरळ नाही म्हटलं.

आणि नेमकं महालक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळी तिला डाग दिसला. एवढासाच, पण दिसला. तिच्या जागी मी असते तर कापूस लावून गप्प बसले असते. ती बाहेर आली आणि सगळ्यांदेखत सांगून मोकळी झाली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी तिला बाथरूमच्या बोळात गाठलं आणि गोळी तिच्या तळहातावर ठेवली. म्हटलं, आता तरी घे, कोणाला कळणार आहे?

"पोटाला कळेल, ताई," ती म्हणाली. "दोन महिने मी ज्या गोळीने गाठी आवळतेय, ही तिच्या बरोब्बर उलटी. ही घेतली तर इतक्या दिवसांचं औषध वाया जाईल. मग पिशवी काढावी लागली तर ती तुम्ही देणार आहात का मला परत?"

मला राग आला. खरं सांगते, लाज नाही वाटली, रागच आला. अकरा वर्षं मी हे करते आणि ही काल आलेली मला शिकवते. पण भीती तिलाही वाटत होतीच. तिने माझ्यासमोर दवाखान्यात फोन लावला. तिकडून सांगितलं की या औषधावर मधूनच डाग दिसतो, घाबरू नका, पण पॅड तासाभरात भरायला लागलं किंवा चक्कर आली तर लगेच या, आणि दुसरं काही घेऊ नका. तिने फोन ठेवला आणि गोळी माझ्या हातात परत दिली.

दुसऱ्या दिवशी पूजा आणि जेवणं. सासूबाईंचा हुकूम झाला, नम्रताने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, आतल्या खोलीत बसायचं. ती म्हणाली, स्वयंपाकघर तुमचं, नियम तुमचा, मी हात लावणार नाही. पण आत लपून बसणार नाही. मी काही चोरी केलेली नाही. आणि प्लास्टिकची खुर्ची ओढून हॉलमध्ये, दाराशी, महालक्ष्म्यांच्या अगदी समोर बसली. सोळा भाज्यांना हात कमी पडायला लागले तेव्हा तिनेच खुर्चीवरून दोघा भावांना विळीवर बसवलं. सुदर्शनने भेंडी धुऊन ओलीच चिरली, सगळा चिकट लगदा केला. आनंद गवारीच्या शिरा काढताना असा चेहरा करत होता की जणू याच्यावरच शस्त्रक्रिया चाललीय. देवीने मात्र काही तक्रार केली नाही.

बायका यायला लागल्या. प्रत्येकीने विचारलं, वाढायला उठत का नाही. आमच्याकडे अशा वेळी बरं नाहीये असं पुटपुटायचं असतं. नम्रता तिच्या मैदानावरच्या आवाजात सांगत होती, मला रक्तस्राव होतोय, गर्भाशयात गाठी आहेत, औषध चालू आहे. सासूबाई आतून डोळे वटारत होत्या. पहिल्या दोघींनी पदर सावरून पान गाठलं. तिसरीने मात्र खुर्ची ओढली आणि हळूच विचारलं, किती सेंटीमीटरची आहे? मग चौथी आली. चारच्या सुमाराला तिच्याभोवती सहा खुर्च्या होत्या आणि महालक्ष्म्यांसमोर ओटी भरायला कोणी उठेना. एकीला पिशवी काढायला सांगितलं होतं, एक सहा महिने कुणाच्या तरी सांगण्यावरून काढे पीत होती, एकीने घरात कोणाला सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं या बायकांना मी वाढत आले, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं.

त्या घोळक्यात आमची नणंदही होती, पायल, अमरावतीहून आलेली. तिलाही हाच त्रास. तिच्या सासरी दिवाळीनंतर पिशवी काढायचं ठरलं होतं, म्हणजे सणावाराची अडचण कायमची मिटेल असा हिशेब. ती म्हणाली, दोन पाकिटं दे ना गोळीची, निदान नाव तरी सांग, आणि पाकिटाचा फोटो काढायला मोबाईल पुढे केला. नम्रताने पाकीट पर्समध्ये टाकून चेन लावली. तुझं लिव्हर तपासलंय का, अस्तर तपासलंय का, तुझ्या गाठी कुठे आहेत ते तरी बघितलंय का, असं विचारलं. ही गोळी माझ्या पोटासाठी लिहून दिलीय. तुला मी डॉक्टरांचा नंबर देते, गोळी देणार नाही. पायल रडत उठली. घरच्या लेकीला सणाच्या दिवशी नाही म्हटलं, म्हणून सासूबाईंनी नम्रताशी बोलणं सोडलं, ते थेट ऑक्टोबरपर्यंत.

त्या रात्री मी माझ्या उरलेल्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या. कोणासाठी म्हणून नाही. माझे पाय सुजले होते आणि मला माझाच राग आला होता.

तीन महिने पूर्ण झाले. सोनोग्राफीच्या दिवशी नम्रताबरोबर मी निघाले, तर सासूबाई चपला घालून दारात उभ्या. ती बाई काय करते ते मले पाहाचं आहे, एवढंच म्हणाल्या आणि रिक्षात मध्ये बसल्या.

शेफाली मॅडमनी कागद वाचला. मोठी गाठ सहावरून चारवर आली होती. रक्त अकराच्या जवळ. लिव्हर ठीक. म्हणाल्या, आता गोळी थांबवू, पाळी येऊ दे, अस्तर पुन्हा बघू, तीन महिन्यांनी या. गाठी परत वाढू शकतात, तेव्हा लक्ष ठेवावंच लागेल. पण आज ऑपरेशनची गरज नाही. नम्रताने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हमसून रडली. दोन वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं.

सासूबाई खुर्चीतून उठल्या नाहीत. मॅडमनी विचारलं, आजी, काही विचारायचंय का?

"माही एकतिसाव्या वर्षी काढली," त्या म्हणाल्या. "रक्त लय जाय. दर सणाले अडचन. माह्या सासूनं म्हटलं, काढून टाका. यायच्या सासऱ्यानं, माह्या मालकानं, सही केली. मले कोनी इचारलंच नाही."

आम्हा दोघी सुनांना हे ठाऊक नव्हतं. मॅडमनी विचारलं, तपासण्या काय काय केल्या होत्या? सासूबाई म्हणाल्या, हात लावून पाहिलं होतं. नम्रताने त्यांची पिशवी आणि छत्री उचलली आणि त्यांना हात दिला. त्यांनी तो धरला.

रिक्षा सिग्नलला थांबली होती. सासूबाईंनी कमरेची पिशवी चाचपून फोन काढला आणि पायलला लावला. हॅलो नाही, कशी आहेस नाही.

"ऐक. त्या आपरेशनच्या कागदावर सही करू नको. जावाई म्हनो का सासू म्हनो. अगुदर इथं ये, साऱ्या तपासन्या कर, मंग तुले जे वाटन ते कर. पन तू ठरव."

पलीकडून पायल घाईघाईने काहीतरी सांगत होती. सणाचं, सासूचं, पुढच्या वर्षीच्या महालक्ष्म्यांचं. सासूबाईंनी तिला पुरतं बोलू दिलं नाही.

"देवीले काय सांगाचं ते मी सांगतो," त्या म्हणाल्या. "तू बस पकड."